‘पोच’च्या प्रकल्प नोंदी: एरर मेसेजचं काम

६ जानेवारी २०२५

गळीत हंगाम ऐन भरात, आणि वजनकाट्यावरून फोन. ‘पोच’ हा आमचा छोटा सी प्रोग्रॅम. काट्याच्या पीसीवरची सीएसव्ही फाईल उघडायची, नव्या ओळी सर्व्हरला पाठवायच्या आणि सर्व्हरकडून आलेला पोच-क्रमांक त्याच ओळीच्या शेवटच्या रकान्यात लिहायचा, एवढंच त्याचं काम. काट्यावर विंडोज १०, सर्व्हरवर डेबियन ११, चाचण्या अल्पाइनच्या कंटेनरमध्ये, आणि आम्हा दोघांची यंत्रं मॅक. म्हणजे एकच सी कोड चार ठिकाणी कंपाइल होतो आणि चार तऱ्हेने रडतो.

आजची तक्रार: लॉगमध्ये ‘फाईल उघडता आली नाही: परमिशन डिनाइड’. कारखान्याच्या संगणक विभागाने त्या फोल्डरला सगळ्यांसाठी फुल कंट्रोल देऊन टाकला, तरी फरक नाही. काटा क्लार्क वैतागून म्हणाला, “साहेब, फाईल मीच बनवतो, मीच उघडतो, मग परमिशन आता कुणाची आणू?”

त्याने ‘मीच उघडतो’ म्हटलं तिथेच उत्तर होतं. फाईल एक्सेलमध्ये उघडी होती. विंडोजचा खरा एरर ३२, म्हणजे शेअरिंग व्हायोलेशन. पण आम्ही सी भाषेचं फाईल उघडणारं फंक्शन, एफओपन, वापरतो, आणि मायक्रोसॉफ्टची सी लायब्ररी विंडोजच्या एररचं एररनोमध्ये (सी लायब्ररीच्या स्वतःच्या एरर-आकड्यात) रूपांतर करताना १९ ते ३६ हा अख्खा पट्टा ईअ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे १३ मध्ये, कोंबते. रायट प्रोटेक्ट, शेअरिंग, लॉक, सगळ्यांचं एकच उत्तर: परमिशन डिनाइड. सी लायब्ररी खोटं बोलत नाही, पण जेवढं सांगते त्यावरून माणूस हमखास चुकीच्या दारात जातो.

क्लार्कला एक्सेल बंद करायला सांगून आजचं भागवलं. एरर मेसेजचं प्रकरण मात्र आता मुळापासून हातात घेतोय.

८ जानेवारी

एरर छापणारं जुनं फंक्शन वाचलं. कोड फार आधीपासूनचा आहे. त्यात एक आकडा येतो, तो सरळ स्ट्रएररला, म्हणजे एररनोच्या आकड्याचा मजकूर देणाऱ्या फंक्शनला, दिला जातो आणि मिळेल तो मजकूर छापला जातो. काही ठिकाणांहून एररनो येतो, काही ठिकाणांहून गेटलास्टएररचा, म्हणजे विंडोजचा स्वतःचा, आकडा, आणि फंक्शनला दोन्ही सारखेच.

विंडोजचे आकडे स्ट्रएररला दिले तर काय निघतं ते छापून बघितलं:

५ – खरा अर्थ अ‍ॅक्सेस डिनाइड, छापलं जातं ‘इनपुट/आउटपुट एरर’.
८ – खरा अर्थ मेमरी अपुरी, छापलं जातं ‘एक्झेक फॉरमॅट एरर’.
३२ – खरा अर्थ फाईल दुसऱ्याच्या ताब्यात, छापलं जातं ‘ब्रोकन पाइप’.
३३ – खरा अर्थ फाईलचा तो भाग लॉक केलेला, छापलं जातं ‘डोमेन एरर’.

मागच्या हंगामात एका काट्यावर ‘इनपुट/आउटपुट एरर’ वाचून हार्डडिस्क बदलली गेली होती. ते गूढ आज उकललं.

इतके दिवस हे कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण २. विंडोजमध्ये २ म्हणजे फाईल सापडली नाही, आणि एररनोमध्येही २ म्हणजे ईनोएंट, फाईल सापडली नाही. एरर हाताळणी तपासायची म्हटली की जो तो पहिल्यांदा नसलेल्या फाईलचं नाव देऊन बघतो. मेसेज बरोबर येतो, आणि पुढे कुणी तपासत नाही. आपल्या चाचणीतही तेवढी एकच केस होती. आता ५ आणि ३२ दोन्हींच्या केसेस घातल्यात.

९ जानेवारी

आकड्यांचाच दिवस. सी भाषेचं मानक फक्त तीन एररनो नावं सांगतं: ईडॉम, ईरेंज आणि ईआयएलसेक. बाकी सगळी पॉझिक्सची (युनिक्ससारख्या सिस्टिमचं सामाईक मानक) किंवा त्या त्या सिस्टिमची. पॉझिक्सही नावंच ठरवतं, आकडे ठरवत नाही.

सगळ्यात मजेशीर जोडी ११ आणि ३५. लिनक्सवर ११ म्हणजे ईअगेन, थोड्या वेळाने पुन्हा बघा. आणि ३५ म्हणजे ईडेडलॉक. मॅक आणि फ्रीबीएसडीवर नेमकं उलटं: ३५ ईअगेन, ११ ईडेडलॉक. आमचा सर्व्हर सगळ्या यंत्रांकडून नुसता आकडा गोळा करतो आणि रिपोर्टमध्ये स्वतःच्या, म्हणजे लिनक्सच्या, यादीतून त्याला मजकूर लावतो. म्हणून तर सहकारी मॅकवर चाचणी चालवते तेव्हा रिपोर्टमध्ये ‘डेडलॉक’ दिसायचा आणि ती बिचारी म्युटेक्स (कोडमधली कुलपं) तपासत बसायची.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’चं बघा. लिनक्सवर १११, मॅकवर ६१, विनसॉकमध्ये (विंडोजच्या नेटवर्क लायब्ररीत) १००६१, आणि मायक्रोसॉफ्टच्या एररनो हेडरमध्ये त्याच नावाने १०७. विनसॉकचा आकडा कुठून आला ते लगेच कळतं: बीएसडीच्या, म्हणजे मॅकच्याही, आकड्यात दहा हजार मिळवले आहेत. ३५ चं १००३५, ६० चं १००६०. पण १०७ हा वेगळाच. ही नावं व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून हेडरमध्ये आली, आणि विनसॉक ती कधीच वापरत नाही. सॉकेटचा एरर डब्ल्यूएसएगेटलास्टएररमधूनच घ्यावा लागतो. त्यामुळे विंडोजवर ‘एरर ईकनरिफ्यूज्डच्या बरोबर आहे का’ ही अट निमूटपणे कंपाइल होते आणि कधीच खरी ठरत नाही. आमच्या कोडमध्ये अशा अटी होत्या. सगळ्या काढल्या.

ठरलं: नुसता आकडा यंत्राबाहेर जाणार नाही.

१३ जानेवारी

आज दिवसभर स्ट्रएरर_आर.

स्ट्रएरर थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांत) बिनधास्त वापरता येईल अशी हमी पॉझिक्स देत नाही. जीलिबसीने (डेबियनची सी लायब्ररी) २.३२ आवृत्तीपासून ते सुरक्षित केलं, पण डेबियन ११ वर २.३१ आहे. नशीब म्हणतात ते असं. तेव्हा त्याचं थ्रेडसाठी सुरक्षित भावंड, स्ट्रएरर_आर.

आणि या नावाची दोन फंक्शनं आहेत. पॉझिक्सचं इंट परत करतं आणि मजकूर आपण दिलेल्या बफरमध्ये लिहितं. जीएनयूचं कॅर पॉइंटर परत करतं, आणि मजकूर त्या पॉइंटरवर असतो. आपला बफर ते वापरेलच असं नाही. ओळखीचा एरर असेल तर बहुतेक वेळा आतल्याच स्थिर मजकुराचा पत्ता देतं आणि बफरला हातही लावत नाही. कुठलं मिळणार हे _जीएनयू_सोर्स मॅक्रोवर ठरतं. मसल (अल्पाइनची सी लायब्ररी) आणि मॅकवर पॉझिक्सचंच.

आमच्या सर्व्हर लॉगमध्ये कोलननंतर रिकाम्या ओळी दिसायच्या त्या यामुळे:

‘सॉकेट वाचताना एरर: ’

पुढे काहीच नाही. कोडमध्ये स्ट्रएरर_आर बोलावून परत आलेली किंमत सोडून दिली होती आणि बफर छापला होता. मॅकवर चालतं, अल्पाइनवर चालतं, डेबियनवर बफर रिकामाच. मेकफाईलमध्ये दुसऱ्याच कुठल्यातरी फंक्शनसाठी कुणीतरी _जीएनयू_सोर्स घातलेलं, त्याचा हा परिणाम. गंमत म्हणजे फॉर्टिफाय सोर्स (जास्तीच्या सुरक्षा-तपासण्या) चालू असेल तर जीसीसी कंपाइलर ‘परत आलेली किंमत वापरली नाही’ अशी वॉर्निंग देतो. आमच्या डिबग बिल्डमध्ये ऑप्टिमायझेशन बंद, त्यामुळे फॉर्टिफायही बंद, त्यामुळे वॉर्निंगही नाही.

उपाय दोन दिसले. एक, सी११ चं _जेनेरिक वापरून परतीच्या प्रकारावरून दोन वेगळी फंक्शनं निवडायची. हुशारीचं आहे, पण सहा महिन्यांनी वाचणारा कपाळावर हात मारेल. दुसरा साधा: स्ट्रएरर_आर फक्त एकाच छोट्या सी फाईलमध्ये बोलवायचं, आणि त्या फाईलच्या अगदी पहिल्या ओळींत, कुठलंही हेडर घेण्याआधी, _जीएनयू_सोर्स अनडेफ करून _पॉझिक्स_सी_सोर्सची किंमत २००११२एल ठेवायची. दुसरा घेतला. ऑब्जेक्ट फाईलवर एनएम (आतली फंक्शन-नावं दाखवणारं साधन) चालवून खात्री केली: डेबियनवर __एक्सपीजी_स्ट्रएरर_आर हे चिन्ह दिसतं, म्हणजे पॉझिक्सचंच जोडलं गेलं.

त्यातही बारकावे आहेतच. जीलिबसी २.१३ च्या आधी पॉझिक्सवालं फंक्शन चुकलं तर उणे १ परत करून कारण एररनोमध्ये ठेवायचं. नंतर सरळ एररचा आकडाच परत येऊ लागला. इतकी जुनी यंत्रं आमच्याकडे नाहीत, पण अट ‘शून्य नसेल तर’ अशी लिहिली की दोन्ही निभावतात. बफरचा पहिला बाइट आधीच शून्य, शेवटचाही नंतर शून्य. आत शिरताना एररनो जपून ठेवायचा, निघताना परत लावायचा.

१५ जानेवारी

अल्पाइनवर चाचण्या लाल. कारण त्या मजकुराची तुलना करत होत्या, आणि मसलचा मजकूर वेगळा. ईटाइम्डआउटला जीलिबसी ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणते. मॅक आणि मसल ‘ऑपरेशन टाइम्ड आउट’. ईनोमेमला जीलिबसी ‘कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी’, मसल ‘आउट ऑफ मेमरी’. अनोळखी ९९९९ दिला तर जीलिबसी ‘अननोन एरर ९९९९’, मॅक ‘अननोन एरर: ९९९९’ असं मध्ये कोलन घालून, मसल ‘नो एरर इन्फर्मेशन’ म्हणून हात झटकते.

चाचण्या लाल झाल्या हे बरंच झालं, कारण तसाच प्रकार खऱ्या कोडमध्ये सापडला. पुन्हा प्रयत्न करायचा की नाही हे एका जागी स्ट्रस्ट्रने मजकुरात ‘कनेक्शन टाइम्ड’ शोधून ठरवलं जात होतं! डेबियनवर पुन्हा प्रयत्न, अल्पाइनवर पहिल्याच फटक्यात हार. भरीला कुणी सेटलोकेल (प्रोग्रॅमला यंत्राची भाषा लावणारं फंक्शन) लावलं आणि यंत्राची भाषा जर्मन असली की जीलिबसी भाषांतरित मजकूर देणार, मग डेबियनवरही बोंब. मजकूर माणसासाठी असतो, प्रोग्रॅमने तो वाचायचाच नाही. ती ओळ काढली, आणि सेटलोकेल सगळ्या प्रकारांऐवजी फक्त एलसी_सीटाइपपुरतं, म्हणजे अक्षरांच्या हाताळणीपुरतं, ठेवलं.

२० जानेवारी

विंडोजची बाजू. विंडोजच्या आकड्याचा मजकूर देणारं फॉरमॅटमेसेज हे फंक्शन कामाचं आहे, पण त्याचे झेंडे (फ्लॅग) नीट लावले नाहीत तर पायात येतात.

पहिला, इग्नोअर इन्सर्ट्स. एरर १९३ चा मजकूर ‘%१ हे वैध विन३२ अ‍ॅप्लिकेशन नाही’ अशा धर्तीचा आहे. झेंडा नसेल तर फॉरमॅटमेसेज त्या %१ च्या जागी घालायला आपल्याकडून काहीतरी मागतं, आणि आपण काहीच दिलेलं नसतं. सिस्टिमचे मेसेज घेताना हा झेंडा नेहमी लावायचाच.

दुसरं, मजकुराच्या शेवटी पूर्णविराम आणि नवी ओळ जोडलेली येते. लॉगची एक नोंद दोन ओळींत फुटते आणि लॉगमध्ये ग्रेपने शोधणारा शिव्या देतो. शेवटून मागे येत मोकळ्या जागा, नव्या ओळी आणि टिंब छाटून टाकतो.

तिसरं आणि आमच्यासाठी महत्त्वाचं: नावाच्या शेवटी ए असलेली (एवाली) फंक्शनं वापरायची नाहीत, डब्ल्यूवालीच. एवाली सगळं यंत्राच्या अ‍ॅन्सी कोड पेजमधून (जुन्या, मर्यादित अक्षरसंचातून) नेतात, आणि देवनागरीला विंडोजमध्ये अ‍ॅन्सी कोड पेजच नाही. मराठी, हिंदी, कोकणी या सगळ्या फक्त युनिकोडमध्ये. काट्यावरच्या एका पीसीवर फाईलचं नाव ‘ऊस_नोंद.सीएसव्ही’ असं होतं. मेनला आलेल्या आर्ग्युमेंटमध्ये त्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह विंडोजच्या फाईलनावात चालत नाही, म्हणून एरर १२३, नावाची रचना चुकीची. सी लायब्ररीने त्याचं केलं २२, ईइनव्हॅल, आणि लॉगमध्ये आलं ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. फाईल समोर डेस्कटॉपवर दिसतेय, नाव मराठीत छान लिहिलंय, आणि प्रोग्रॅम म्हणतो आर्ग्युमेंट चुकीचं!

आता डब्ल्यूमेन, क्रिएटफाईलडब्ल्यू, आणि आत सगळीकडे यूटीएफ-८. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये लिहून कोड पेजच यूटीएफ-८ करता येतं, पण काट्यांवरच्या पीसींना अपडेट कधी मिळालं होतं ते देवालाच ठाऊक. त्यावर विसंबलो नाही.

क्रिएटफाईलडब्ल्यू वापरण्याचा दुसरा फायदा असा की ३२ हा ३२च राहतो. नंतर _ओपन_ओएसएफहँडल आणि _एफडीओपनने त्याचा नेहमीचा फाईल पॉइंटर करून घेतो. पुढचा कोड बदलावा लागला नाही.

२२ जानेवारी

‘एरर: सक्सेस’. सर्व्हर लॉगमधली ही ओळ सगळ्यांनी कधी ना कधी पाहिली असेल. मॅकवर तीच ‘अनडिफाइन्ड एरर: ०’ म्हणून येते.

आमच्याकडे ती अशी येत होती: रीड फसलं, मग फाईल बंद केली, बफर फ्री केला, लॉगची वेळ काढली, आणि मग एररनो वाचला. मधल्या कुठल्याही कॉलने तो बदलू शकतो. यशस्वी कॉल एररनो शून्य करत नाहीत, पण त्यात दुसरं काही टाकणार नाहीत अशी हमीही नसते. आउटपुट टर्मिनलवर जातंय की फाईलमध्ये हे स्टँडर्ड आयओ लायब्ररी आतल्या आत तपासते, आणि सगळं सुरळीत असतानाही मागे ईनॉटटीवाय (‘हे टर्मिनल नाही’) सोडून जाऊ शकते. फ्रीने एररनो जपला पाहिजे हे पॉझिक्सने २०२४ च्या आवृत्तीत घातलं; जीलिबसीने ते २.३३ मध्ये आधीच केलं होतं. आम्ही २.३१ वर, म्हणजे पुन्हा बाहेरच.

नियम एकच ठेवला: कॉल फसला की पुढच्याच ओळीत एरर उचलायचा, साफसफाई त्यानंतर. विंडोजवर गेटलास्टएररला तर हा नियम आणखी कडक लावायचा.

२७ जानेवारी

गेटअ‍ॅड्रइन्फो. छोटी नोंद. नावावरून नेटवर्क-पत्ता शोधणारं हे फंक्शन एररनोमध्ये काही ठेवत नाही, ईएआय नावाचा स्वतःचा आकडा परत करतं, आणि त्याच्या मजकुरासाठी गायस्ट्रएरर लागतं. नाव सापडलं नाही तर लिनक्सवर उणे २, मॅकवर अधिक ८, विंडोजवर ११००१. लिनक्सवर उणे ११ म्हणजे ईएआय_सिस्टिम, खरं कारण एररनोमध्ये बघा. जुन्या कोडने उण्याचं अधिक करून ते स्ट्रएररला दिलं होतं, त्यामुळे ११ चं ‘रिसोर्स टेंपररिली अनअव्हेलेबल’. विंडोजवर गायस्ट्रएरर थ्रेडसाठी सुरक्षित नाही, तिथे हे आकडेही फॉरमॅटमेसेजलाच देतो; विनसॉकचे आकडे त्याला ओळखता येतात.

३ फेब्रुवारी

रचना पक्की केली. त्याआधी इतरांनी काय केलंय ते बघितलं.

लिबयूव्ही (नोड.जेएसच्या आतली लायब्ररी) सगळं उणे एररनोच्या साच्यात बसवते. विंडोजवर फाईल नसेल तर उणे ४०५८, हा आकडा नोडवाल्यांच्या ओळखीचा. साचा सुटसुटीत, पण विंडोजचा मूळ आकडा रूपांतरात हरवतो, आणि आमचं दुखणं नेमकं तेच. सबव्हर्जन (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) अपाची पोर्टेबल रनटाइम ही लायब्ररी वापरतं. त्यात विंडोजच्या आकड्यात ७२०००० मिळवतात. म्हणून विंडोजवर ई७२०००५ दिसतो तेव्हा तो अ‍ॅक्सेस डिनाइड, ई७२००३२ म्हणजे शेअरिंग व्हायोलेशन, आणि ई७३००६१ म्हणजे विनसॉकचा १००६१. लिनक्सवर तेच ई०००१११. दिसायला ओबडधोबड, पण आकडा वाचून मूळ एररपर्यंत पोचता येतं. आम्हाला हा विचार पटला.

आमच्या स्ट्रक्टमध्ये तीन गोष्टी. घराणं: एररनो, विन३२ किंवा ईएआय. मूळ आकडा, जसाच्या तसा. आणि प्रकार: सापडलं नाही, परवानगी नाही, दुसऱ्याच्या ताब्यात, थांबून पुन्हा, जोडणी तुटली, जागा संपली, इतर. एरर जिथे उचलला तिथेच घराणं आणि आकडा भरायचे, प्रकारही लगेच ठरवायचा. प्रोग्रॅम निर्णय घेतो तो फक्त प्रकारावर. मजकूर काढायचा तो छापतानाच, त्याच यंत्रावर.

प्रकार ठरवताना स्विच लिहिला तर लिनक्सवर कंपाइल होत नाही: ईअगेन आणि ईवुडब्लॉक दोन्ही ११, दुहेरी केस. मायक्रोसॉफ्टकडे मात्र ११ आणि १४०. ईनॉटसप आणि ईऑपनॉटसपचंही तसंच, लिनक्सवर दोन्ही ९५, मॅकवर ४५ आणि १०२. म्हणून स्विचऐवजी साधी यादी, वरून खाली शोधायची, पहिलं जुळेल ते. प्रत्येक नावाभोवती इफडेफ (ते नाव त्या यंत्रावर असेल तरच कंपाइल करा). आकड्यावरून नाव देणारं स्ट्रएररनेम_एनपी जीलिबसी २.३२ मध्ये आलंय. आपल्याला लागू नाही, मग याच यादीतून नावही काढतो.

१० फेब्रुवारी

दोन काट्यांवर नवी आवृत्ती बसवली. लॉगची ओळ आता अशी दिसते:

‘ऊस_नोंद.सीएसव्ही उघडताना | प्रकार: दुसऱ्याच्या ताब्यात | विन३२:३२ | ’ आणि पुढे विंडोजचा स्वतःचा मजकूर.

पडद्यावर मात्र क्लार्कला सिस्टिमचा मजकूर दाखवत नाही. प्रत्येक प्रकाराला आमचं एक मराठी वाक्य आहे. या प्रकाराला: ‘ही फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. एक्सेल बंद करा, पोच आपोआप पुन्हा प्रयत्न करेल.’ सहकारी म्हणत होती की लॉगपुरता तरी विंडोजचा मजकूर इंग्रजीतच मागू. मागता येतो, पण त्या यंत्रावर इंग्रजीचे मेसेज नसतील तर फॉरमॅटमेसेजच १८१५ देऊन फसतं. भाषा ० ठेवली, म्हणजे जी मिळेल ती. घराणं आणि आकडा शेजारी आहेच. मजकूर अजिबात मिळाला नाही, म्हणजे ३१७ आला, तर ती जागा रिकामी न सोडता ‘मजकूर नाही’ लिहितो.

फाईल नेमकी कुणी अडवली आहे हे विंडोजचा रीस्टार्ट मॅनेजर सांगू शकतो, व्हिस्टापासून आहे. सेशन उघडायचं, फाईलचं नाव द्यायचं, आरएमगेटलिस्ट विचारायचं. मग ‘एक्सेल बंद करा’ असं अंदाजाने न लिहिता खरं नाव घालता येईल. काही ठिकाणी अँटीव्हायरसही फाईल धरून बसतो. हे काम हंगाम संपल्यावर. तोवर उरलेल्या काट्यांवर हीच आवृत्ती जाईल, आणि सर्व्हरच्या रिपोर्टमधला आकड्यांचा जुना रकाना या आठवड्यात काढायचा आहे.